शब्दांच्या गावा : एवढासा ‘अ’

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात विरुद्धार्थी शब्द चालू होते. मी फळ्यावर ‘ज्ञान-अज्ञान, न्याय-अन्याय, शांत-अशांत’ अशा जोड्या लिहिल्या आणि म्हटलं, “अशाच आणखी जोड्या शोधा बरं.” मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्यानं वहीचं अख्खं पान भरवलं. त्यात काय काय होतं म्हणता? अमर-मर, अडचण-डचण, अननस-ननस, अळणी-ळणी आणि असुर-सुर! वर्गात जो हशा पिकला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. पण खरं सांगू? त्या पोराच्या यादीत नुसता विनोद नव्हता. त्यातले दोन-तीन शब्द असे आहेत, की त्यांच्यावर मोठमोठ्या पंडितांनीही डोकं खाजवलेलं आहे. तेव्हा या खेपेला आपण हीच यादी घेऊन बसू या.

अननस आणि अडचण यांना आधी बाजूला काढू. अननस हे दक्षिण अमेरिकेतलं फळ. पोर्तुगीजांनी ते जहाजातून आपल्याकडे आणलं आणि फळाबरोबर त्याचं तिकडचं नावही आलं. अडचणीत तर ‘अडणं’ सरळ दिसतंय. म्हणजे या दोन्ही शब्दांतला ‘अ’ त्यांच्या अंगचाच आहे, बाहेरून चिकटवलेला नाही. तो ओढून काढला तर ‘डचण’च उरणार!

‘अळणी’ला मात्र मी त्याला पुरे मार्क दिले. का, ते ऐका. मिठाला संस्कृतमध्ये म्हणतात लवण. ज्यात लवण नाही ते अलवण. बोलता बोलता लवणाचं झालं लोण (आपलं लोणचं त्यातलंच) आणि अलवणाचं झालं अळणी. आमटीत मीठ टाकायला आई विसरली की आपण जो शब्द म्हणतो, त्यात ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘ळणी’ म्हणजे मीठ! ओळखू येतं का? असाच आणखी एक लपलेला शब्द म्हणजे ‘अनवाणी’. ‘वाणी’ म्हणजे इथे बोलणं नव्हे आणि किराणा दुकानवालाही नव्हे. ती आहे आपली वहाण. पायात वहाण नाही तो अनवाणी.

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारील, की बाई, अळणीला ‘अ’ आणि अनवाणीला ‘अन’ असं का? त्याचं कारण अगदी सोपं आहे. पुढचा मूळ शब्द व्यंजनानं सुरू होत असेल तर ‘अ’, आणि स्वरानं सुरू होत असेल तर ‘अन्’. वहाणेचं जुनं रूप ‘उपानह’, म्हणजे ‘उ’नं सुरू होणारं, म्हणून अन्. अंत नाही तो अनंत, आदर नाही तो अनादर, उचित नाही ते अनुचित. ‘अ’ आणि ‘आ’ एकमेकांना चिकटले की जीभ अडखळते, म्हणून मध्ये ‘न्’ची पाचर मारायची. आणि ‘अनेक’? तोही याच घरातला. अन् अधिक एक. एक नाही, म्हणजे पुष्कळ! आपण रोज ‘अनेक’ म्हणतो आणि त्यात एक नकार आहे हे आपल्या गावीही नसतं.

(संस्कृतचे जाणकार इथे मला थांबवतील. ते म्हणतील, उपसर्ग म्हणजे प्र, परा, अप, सम् वगैरे बावीस. त्यांत तुमचा ‘अ’ बसत नाही. त्याचं नाव ‘नञ्’. बरोबर आहे त्यांचं. वरच्या वर्गात तुम्ही ‘नञ् तत्पुरुष समास’ शिकता, तो हाच. पण शब्दाच्या पुढं येऊन त्याचा अर्थ बदलणारा, म्हणून आपण इथे त्याला सरसकट उपसर्गच म्हणू.)

हा ‘अ’ आणि ‘अन्’चा नियम फक्त आपल्याकडचा, असं वाटतंय ना? मग जरा दवाखान्यात चला. शाळेत लोहाच्या गोळ्या देतात त्या ॲनिमिया होऊ नये म्हणून. ऑपरेशनच्या आधी भूल देतात त्याला ॲनस्थेशिया म्हणतात. दोन्ही शब्द मूळ ग्रीक. पहिल्याचा अर्थ ‘रक्त नसणं’, दुसऱ्याचा ‘संवेदना नसणं’. दोन्हींत पुढं उभा आहे तो ‘अन्’! ग्रीकमध्येही स्वरापुढं अन् आणि व्यंजनापुढं नुसता अ. व्यंजनापुढचा ‘अ’ पाहायचाय? विज्ञानाच्या पुस्तकात ‘ॲटम’ आहे. ‘अ’ म्हणजे नाही, ‘तोमोस’ म्हणजे कापलेला. ज्याचे तुकडे करता येत नाहीत तो ॲटम. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या डेमॉक्रिटससारख्या ग्रीक विचारवंतांनी हा शब्द वापरला. पुढे १८९७ साली थॉमसननं अणूच्या आतला इलेक्ट्रॉन शोधला, १९३२ साली कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केंब्रिजमध्ये अणूचं केंद्रकही फोडून दाखवलं. तुकडे झाले, पण नाव अजून ‘न कापता येणारा’ हेच! आपला ‘अणू’ मात्र या भानगडीत नाही हं. संस्कृत ‘अणु’ म्हणजे नुसताच बारीक. तिथला ‘अ’ नकाराचा नाही.

ग्रीस कुठं, आपण कुठं, आणि नियम तंतोतंत सारखा कसा? हा प्रश्न पडलेल्यांपैकी एक होते सर विल्यम जोन्स. कलकत्त्याच्या न्यायालयात ते न्यायाधीश होते आणि तिथेच पंडितांकडून संस्कृत शिकले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीत भाषण करताना त्यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं आलेलं असूच शकत नाही. या तिन्ही एखाद्या समान उगमातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. पुढच्या अभ्यासकांनी शेकडो शब्द शेजारी शेजारी ठेवून या भाषांचं एक मोठं कूळ ठरवलं. त्याला म्हणतात इंडो-युरोपीय भाषाकुल. मराठी त्यातलीच.

या कुळाच्या आदिम भाषेत नकारासाठी नुसता ‘न्’ होता, असं मानतात. स्वराचा आधार नसलेला न्. तोंड जरासं उघडं ठेवून नाकातून ‘न्न्’ असा आवाज काढून बघा. (वर्गात नको, घरी!) तो तसाच बोलायला अवघड, म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं त्याला स्वर जोडला. आपण आणि ग्रीकांनी केलं अ-अन्. लॅटिनवाल्यांनी केलं ‘इन्’. इंग्रज-जर्मनांच्या पूर्वजांनी केलं ‘अन्’ किंवा ‘उन्’. आपलं न, नाही, इंग्रजांचं नो, नॉट, रशियनांचं न्येत हे सगळं त्याच ‘न’चं गोत.

नमुना म्हणून एकच शब्द घेऊ. संस्कृत ‘अज्ञात’, ग्रीक ‘अग्नोस्तोस’, लॅटिन ‘इग्नोतुस’, इंग्रजी ‘अननोन’. चारही ठिकाणी पुढं नकार, मागं जाणणं. ‘ज्ञ’, ‘ग्नो’ आणि ‘नो’ ही एकाच धातूची रूपं. इंग्रजीत ‘नो’ म्हणजे जाणणं या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक मुका ‘के’ असतो आणि तुम्ही दरवेळी त्याच्यावर चिडता. तो ‘के’ पूर्वी बोलत होता. ‘क्नो’ असा उच्चार होता. म्हणजे आपला ‘ज्ञ’ आणि त्यांचा ‘क्न’ हे सख्खे चुलतभाऊ. आता तो ‘के’ विसरलात तर नातलगाला विसरल्यासारखं होईल!

सगळ्या भाषा काही असा नकार पुढं लावत नाहीत. सोलापूर, कोल्हापूरकडच्या मुलांना कानडी कानावर पडत असेल. कानडीत मीठ म्हणजे उप्पु आणि नाही म्हणजे इल्ला. अळणीला ते म्हणतात ‘उप्पिल्लद’. आधी मीठ, मग नकार. तुर्की भाषेत मीठ म्हणजे ‘तुझ’ आणि अळणी म्हणजे ‘तुझसुझ’. तिथेही नकार शेपटीला. कानडी आणि तुर्की आपल्या कुळातल्या नाहीत आणि एकमेकींच्या कुळातल्याही नाहीत. आमटी मात्र सगळीकडे अळणीच लागते.

आता यादीतला ‘अमर-मर’. इथे त्या पोराचं फारसं बिघडलं नव्हतं. अ अधिक मर, मरत नाही तो अमर, हे खरंच. फक्त ‘मर’ हा शब्द आपण मराठीत कुणाला उद्देशून म्हणतो ते जरा वेगळं! याच घरातलं ‘अमृत’. ग्रीक देवांचं खाणं होतं ‘अम्ब्रोसिया’, आणि तो शब्द म्हणजे आपल्या अमृताचाच ग्रीक भाऊ. इकडे ‘अ’ आणि ‘मृ’, तिकडे ‘अ’ आणि ‘म्ब्रो’. लॅटिनमध्ये तेच ‘इन्’ लावून, आणि इंग्रजीत त्यावरून आलेला ‘इमॉर्टल’.

पण ‘अ’ लावला की प्रत्येक वेळी अर्थ उलटाच होतो, असं समजू नका. जुन्या वैयाकरणांनी या नकाराचे सहा अर्थ सांगितले आहेत. सगळे सांगत बसले तर पान संपेल. अकाल म्हणजे काळ नसणं नव्हे, भलताच काळ. अवेळी आलेला पाऊस वेळेशिवाय येत नाही, वाईट वेळेला येतो. संस्कृतमध्ये बारीक कंबरेच्या मुलीला ‘अनुदरा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘पोट नसलेली’. आता पोट नसेल तर ती जेवणार कुठं? इथे ‘नाही’चा अर्थ ‘अगदी थोडं’. अमोल म्हणजे फुकट नव्हे. मोल करताच येणार नाही इतकं मोठं. आणि अहिंसा, असहकार? गांधीजींनी १९२० साली देशाला असहकाराची हाक दिली तेव्हा तो नकाराचा शब्दच केवढं मोठं बळ होऊन उभा राहिला!

याच ‘अ’नं माणसांवर अन्यायही केलाय. ‘अस्पृश्य’ हा शब्द पाहा. स्पर्श करण्याजोगं नसलेलं. विस्तवाला म्हटलं असतं तर समजलं असतं. पण तो शब्द माणसांना चिकटवला. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी जनावरं पिऊ शकत होती, ही माणसं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो लोकांसह ते पाणी प्यायलं. आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. आता पाहा, ‘अस्पृश्यता’ गुन्हा ठरवण्यासाठी तो शब्द संविधानात लिहावाच लागला. नकाराला नकार द्यायचा तरी त्याचं नाव घ्यावं लागतं.

घरच्या ‘अ’विषयी इतकं झालं. आता पाहुण्यांकडे वळू. बहामनी, आदिलशाही, निजामशाही अशा राजवटींत दरबारची भाषा फारसी. त्या फारसीनं, आणि तिच्यामार्फत अरबीनं, आपल्याला नकाराचे पुष्कळ नवे तुकडे दिले. ‘ना’ दिला : नाखूष, नापसंत, नालायक. ‘बे’ दिला : बेइमान, बेफिकीर. ‘गैर’ दिला : गैरहजर. ‘ला’ दिला : लाजवाब, लाचार. या लाचारात ‘चारा’ आहे, पण गुरांचा नव्हे. फारसीत चारा म्हणजे उपाय. ‘मला दुसरा चारा नाही’ म्हणतो ना आपण, तोच. उपाय नाही तो लाचार.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. कितीतरी शब्द त्यामुळं बदलले. पण हे चिमुकले उपसर्ग गेले नाहीत, उलट घरचेच होऊन बसले. कसे, ते पाहा. बेचव : ‘बे’ फारसी, चव आपली. बेसूर : ‘बे’ फारसी, सूर संस्कृत स्वरातला. गैरसोय, गैरसमज : ‘गैर’ अरबी, सोय आणि समज आपले. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘नापास’. ‘ना’ आला फारसीतून, ‘पास’ आला इंग्रजीतून. दोन परक्या भाषांची गाठ आपल्याकडे पडली आणि शब्द जन्माला आला तो नेमका पोरांच्या पोटात गोळा आणणारा!

या नापासाविषयी मला थोडं जास्त बोलायचंय. माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी दहावीला गणितात नापास झाला. चौथीत असताना माझ्या वर्गात गोष्टी सांगण्यात पहिला नंबर. निकालानंतर तो घराबाहेर पडेना. गल्लीत क्रिकेट खेळायला नाही, देवळात नाही, दुकानात नाही. त्याची आई म्हणाली, “बाई, तुम्ही या जरा.” गेले. गुणपत्रिका त्यानं गादीखाली दडवलेली. मला काय उपदेश करायचं सुचेना, म्हणून मी आपलं नेहमीचं काम केलं. कागदावर एक शब्द लिहिला आणि त्याला म्हटलं, फोड करून दाखव. शब्द होता ‘अनुत्तीर्ण’.

तुम्हीही करा. अन् अधिक उत् अधिक तीर्ण. ‘तीर्ण’ आला ‘तॄ’ या धातूपासून, त्याचा अर्थ तरणं, पाणी पार करणं. आपलं तरणं, तारू, नदीचं तीर हे त्यातले. उत्तीर्ण म्हणजे पाण्यातून पार होऊन काठावर चढलेला. मग अनुत्तीर्ण म्हणजे? “बुडालेला,” तो म्हणाला. मी म्हटलं, “नीट बघ. बुडालेला असा अर्थ कुठंय त्यात?” बराच वेळ कागदाकडे बघून तो म्हणाला, “अजून काठाला लागला नाही तो.” बस्स! आपली बोलीही तेच सांगते की. आपण म्हणतो, ‘त्याचा गणित राहिला.’ राहिला म्हणजे संपला का? जेवताना पानात काही राहिलं म्हणजे ते अजून खायचंय.

जपानी भाषेत तर ‘नाही’ आणि ‘अजून नाही’ यांना निरनिराळे उपसर्ग आहेत. चिनीतून त्यांच्याकडे आलेले. ‘अजून नाही’चा उपसर्ग आहे ‘मि’. आणि ‘राई’ म्हणजे येणं. ‘मिराई’ म्हणजे जे अजून आलेलं नाही ते, म्हणजेच भविष्यकाळ! संस्कृतमध्येही भविष्याला एक शब्द आहे ‘अनागत’. अन् अधिक आगत, न आलेलं. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा या ‘अनागता’साठी तीच ‘मिराई’ची दोन अक्षरं वापरली गेली. हे सगळं त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या आईनं चहा आणला होता, तो गार झाला. जुलैच्या पुरवणी परीक्षेला तो बसला. मार्क किती ते विचारू नका, पण सुटला.

असो. यादीतला शेवटचा शब्द राहिलाय, आणि तोच सगळ्यांत अवघड : असुर-सुर. तिथे जाण्याआधी एक सावधगिरीची सूचना. उपसर्गासारखं दिसणारं सगळंच उपसर्ग नसतं. पेट्रोलच्या टँकरवर इंग्रजीत ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन्’ म्हणजे नाही, म्हणजे ‘न पेटणारं’, असा अर्थ लावून कुणी जवळ काडी ओढली तर? ते ‘इन्’ नकाराचं नव्हेच, ते ‘आत’ या अर्थाचं दुसरं लॅटिन ‘इन्’. चटकन पेटणारं, असा त्या शब्दाचा अर्थ. हा घोटाळा जिवावर बेतू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी आता मुद्दाम नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात. आपल्याकडे ‘अनुभव’, ‘अनुकूल’ यांतही कुणी ‘अन्’ शोधू नये. तिथे ‘अनु’ आहे, मागोमाग या अर्थाचा.

तर असुर. आपण काय समजतो? सुर म्हणजे देव, जे सुर नाहीत ते असुर. फोड अगदी चोख दिसते. पण ऋग्वेद उघडला की पंचाईत होते. तिथे वरुणाला असुर म्हटलंय, अग्नीला असुर म्हटलंय, इंद्रालाही! आणि अर्थ आहे सामर्थ्यवान, स्वामी. देव या अर्थाचा ‘सुर’ मात्र ऋग्वेदात सापडत नाही. आता शेजारच्या इराणात डोकावा. आपल्या ‘स’चा तिकडे ‘ह’ होतो. सप्ताचं हफ्त, म्हणून सप्ताहाचा हफ्ता. सिंधूचं हिंदू. मग असुराचं काय होईल? अहुर! मुंबईत, नवसारीत आपले पारशी बांधव ज्या अहुर मझ्दाची प्रार्थना करतात, त्यातला अहुर तो हाच. म्हणजे मूळ शब्द होता अखंड ‘असुर’. पुढे आपल्याकडे त्याचा अर्थ बदलून दैत्य झाला. मग कुणाला तरी वाटलं, सुरुवातीला ‘अ’ आहे, म्हणजे नक्कीच नकार असणार. तो कापला, आणि उरलेल्या ‘सुर’ला देव करून टाकलं! आमच्या मागच्या बाकावरच्या पठ्ठ्यानं ‘अडचण’मधून ‘डचण’ काढला, अगदी तस्साच. फरक इतकाच, की ‘डचण’ वहीत राहिला आणि ‘सुर’ पुराणांत पोचला. जुन्या लोकांनी त्याचं आणखी एक कारण शोधलं होतं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात म्हटलंय, की समुद्रमंथनातून निघालेली सुरा ज्यांनी स्वीकारली ते सुर आणि नाकारली ते असुर. म्हणजे दारू न पिणारे ते दैत्य झाले! मला तर बाई त्या असुरांचं कौतुकच वाटतं.

अशीच चिरफाड दुसऱ्या एका शब्दाची झाली. तिथे ‘अ’ऐवजी ‘वि’ आहे. विफल, विजोड यांतला ‘वि’, म्हणजे हाही नकाराकडे झुकणारा. शब्द आहे ‘विधवा’. ‘धव’ म्हणजे नवरा, तो नसलेली ती विधवा, असा अर्थ कोशात मिळतो. फार प्राचीन काळी यास्काचार्यांनी ‘निरुक्त’ ग्रंथात या शब्दाची जी निरनिराळी उकल दिली, तीतही ही एक आहे. पण शेजारच्या भाषा पाहा. लॅटिन ‘विदुआ’, रशियन ‘व्दोवा’, जर्मन ‘वित्वे’, इंग्रजी ‘विडो’. अख्ख्या कुळात हा शब्द आहे आणि नवरा या अर्थाचा ‘धव’ मात्र आपल्याशिवाय कुणाकडेच नाही. म्हणजे इथेही तेच घडलं. अखंड शब्दाचा पुढचा तुकडा उपसर्ग समजून कापला, उरलेल्या तुकड्याला नवरा बनवलं, आणि मग त्या नवऱ्यावरून ‘सधवा’ही तयार केली. हिंदीत विधवेला ‘बेवा’ म्हणतात. त्यातही फारसी ‘बे’ आहे असं वाटेल, पण नाही. फारसीतला ‘बेवा’ हा विधवेचाच जुना भाऊ.

मग मूळ अर्थ काय? वेगळी पडलेली, एकटी राहिलेली. एवढंच. पुढं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे त्या शब्दात कुठंही लिहिलेलं नाही. ते माणसांनी जोडलं. आणि माणसंच ते काढूही शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं.

जाता जाता या ‘वेगळं पडण्या’ची एक शेवटची गंमत. लॅटिनमध्ये त्याच धातूपासून ‘दिविदेरे’ झालं, म्हणजे विभागणं. तुम्ही गणितात भागाकाराला ‘डिव्हाइड’ म्हणता ते त्यातूनच आलं. त्याला नकाराचा ‘इन्’ लावून सिसेरो नावाच्या रोमन पंडितानं शब्द केला ‘इंदिविदुउम’, म्हणजे भाग न पाडता येणारं. कशासाठी केला माहीत आहे? ग्रीक ‘ॲटम’चं भाषांतर करण्यासाठी! त्यावरून पुढं इंग्रजीत एका माणसाला, व्यक्तीला ‘इंडिव्हिज्युअल’ म्हणू लागले. तेव्हा ॲटम आणि तुम्ही-आम्ही, दोघांचं नाव एकच.

आता तुमचा अभ्यास. खालच्या शब्दांपैकी कशात खरा नकार आहे आणि कशात नुसतं सोंग, ते ओळखा : अनाथ, अनारसा, अतिथी, अमावस्या, बेसन, बेवारस, नारळ, नाराज, अनुराग, अपुरा. ‘अनाथ’मध्ये ‘अ’ आहे की ‘अन्’, तेही नियम लावून सांगायचं. ‘अतिथी’ला घाईनं उत्तर देऊ नका, तो भल्याभल्यांना चकवतो. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून ‘अ’, ‘बिन’ किंवा ‘नि’ लागलेला एखादा असा शब्द शोधा, जो तुमच्या पुस्तकात नाही. उत्तरं पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात. नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. गेल्या खेपेला तीन कार्डं बेनावी आली होती!